आबासाहेबांच्या घड्याळाचा दांडा

देवळाली प्रवराच्या रंगनाथ घड्याळजीनं एकतीस वर्षं धंदा केला, पण स्वतःच्या हातावर कधी शंका घेतली नाही. ते काम त्यानं गिऱ्हाइकांवर सोडलं होतं. १९९३ च्या दिवाळीनंतर मात्र उलटं झालं, आणि तेही एका चिमट्यापायी.

आबासाहेब म्हणजे गावातले उसाचे बागाईतदार. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं स्विस घड्याळ त्यांनी दुकानात आणून ठेवलं. “बंद पडलंय. नुसतं तेलपाणी करा,” एवढंच बोलले आणि चहालाही न थांबता निघून गेले. रंगनाथनं डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि आतलं डुलणारं चक्र उचलताना चिमटा जरासा सटकला. चक्र बशीत पडलं. पाहतो तर चक्राच्या मधल्या दांड्याचं वरचं टोक गायब. केसाएवढं टोक ते, पण ते गेलं की घड्याळ गेलं.

रंगनाथ छप्पन्न वर्षांचा होता. आपला हात गेला, असं त्याच्या मनानं घेतलं. पुण्याला चौकशी केली, तर हा दांडा मिळायचा बंद होऊन वीस वर्षं झाली होती. दुसरा कुणी आबासाहेबांना सांगून मोकळा झाला असता. पण घड्याळजीनं कोणत्या तोंडानं सांगायचं, की माझा हात आता राहिला नाही? मग त्यानं मनाशी ठरवलं: दांडा आपणच कातायचा, आणि त्यासाठी लागणारा बारका लेथही घरीच बनवायचा. जमलं तर हात शाबूत. नाही जमलं तर गुढीपाडव्याला दुकान बंद. हे फक्त बायकोला, पुष्पावतीला, सांगितलं. ती म्हणाली, “करा काय करायचं ते, पर माझं शिलाई मशीन मोडू नका.”

त्यानं पहिलं ते मशीनच मोडलं. त्याचं पायडल घेतलं, चाकावरून चामड्याची वादी ओढली. गोरक्ष नावाचा त्याचा दोस्त एका वर्कशॉपात टर्नर होता. त्यानं फिरता शाफ्ट आणि तो ज्यात फिरतो ते पितळी बुश कातून दिले. देताना म्हणाला, “मी मोटारीचे शाफ्ट कातणारा मानूस. तुझं हे काम मला दिसतबी न्हाई, मग जमायचं कसं?” पुढचं सगळं रंगनाथचं. कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला, खोडला, पुन्हा काढला. तुटक्या कानशीला धार लावून हत्यार केलं. दांड्यासाठी पोलाद म्हणून शिलाईची सुई तापवून मऊ केली. संक्रांतीपर्यंत पडवीत लेथ उभा राहिला. रोज सकाळी हात जोडायचे, शाफ्टच्या तोंडाला हळदकुंकवाचं बोट लावायचं आणि मगच पायडल मारायचं.

पहिला दांडा वाकडा आला. दुसराही. पहिले दोन सगळ्यांचेच वाकडे येतात म्हणून त्यानं सोडून दिलं. पण सातवा, अकरावा, अठरावा? दांडा फिरताना केसभर डुलायचा, आणि घड्याळात एक केस म्हणजे हत्तीच. घोडं कुठं पेंड खातंय, काही केल्या कळेना. बुश बदलले. वादी सैल केली, मग घट्ट केली. गोरक्षनं येऊन शाफ्ट तपासला, तो सुतासारखा सरळ. मशीन सरळ, पोलाद चांगलं, मग वाकडं उरलं काय? रंगनाथ स्वतःच्या बोटांकडं बघत बसायचा. त्यातच शाफ्टच्या तोंडात लाल गंज धरू लागला. पुसला की दोन दिवसांत पुन्हा हजर. तेलात बुडालेल्या पोलादाला गंज कसा चढतो? आणखी एक कोडं होतंच: एरवी वस्तू दिली की चौथ्या दिवशी दारात उभे राहणारे आबासाहेब फिरकत का नव्हते? बाजारात दिसले तरी दुसऱ्या गल्लीत वळायचे. रंगनाथला तेवढाच दिलासा, कारण तोही वळायचाच.

माघ सरता सरता पुष्पावती पुसायचं फडकं धुवायला घेऊन गेली आणि तशीच परत आली. “अवो, ह्यो गंज न्हाई. कुंकू हाय.”

रोजचं बोट तेलात मिसळून आत उतरत होतं, सुई धरायच्या खाचेत एका अंगाला थर धरून सुकत होतं, त्यामुळं सुईच तिरकी बसत होती. पावणेदोन महिने रंगनाथ आपल्याच भक्तीशी झुंजत होता. त्यानं रॉकेलनं शाफ्टचं तोंड धुतलं, हळदकुंकू खालच्या लाकडी फळीला लावलं आणि एकोणिसावा दांडा कातला. तो डुलला नाही. चक्र बसवलं, आणि घड्याळ चालू लागलं. आठ दिवस त्यानं ते उशाला ठेवून पारखलं.

पाडव्याच्या आधी तो आबासाहेबांकडं गेला आणि घड्याळ हातात देऊन सगळं कबूल केलं. “आबा, टोक माझ्या हातून तुटलं हुतं. नवं घडवून बसवलंय.”

आबासाहेबांनी आत स्वयंपाकघराकडं नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “तुमच्या हातून न्हाई तुटलं. पाटाच्या चारीवर पाणी धरताना माझ्या हातून दगडावर आपटलं हुतं.”

“मग तवाच का न्हाई सांगितलं?”

“हिच्या बापाचं घड्याळ हाय ते. म्हनलं, तुमी उघडून वळखाल आन गुपचूप बसवाल. तुमी काय बोलला न्हाई, म्हनून मीबी त्वांड दावलं न्हाई.”

रंगनाथला रागवावं की हसावं कळेना. चार महिने दोन शहाणी माणसं एकमेकांना चुकवत फिरली होती. मग हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला: चिमटा सटकायच्या आधीच टोक गेलेलं होतं. हात गेला नव्हता. कधीच गेला नव्हता. त्याला एवढा आनंद झाला, की बसल्या जागी डोळे भरून आले.

तेवढ्यात आबासाहेबांची बायको बनुबाई चहा घेऊन आली. रंगनाथनं कपबशी घेतली आणि निम्मा चहा बशीत, उरलेला धोतरावर सांडला.

“रंगनाथभाऊ, लई कापतोय तुमचा हात,” बनुबाई म्हणाली. “आता बारीक कामं सोडा.”

“कापतोय खरा,” रंगनाथ म्हणाला, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला त्या हाताची भीती वाटली नाही.