फुकटच्या चॅनेलांची वायर

'फुकट' या शब्दावर माझा नवरा जितका भाळला, तितका माझ्यावर कधीच भाळला नाही. हे मी रागाने म्हणत नाही. राग केव्हाच संपला, आता नुसती कीव येते, आणि तीही जरा हात राखूनच.

दोह्यात तेव्हा आम्ही दोघंच राहायचो. मी इस्पितळात नर्स, तो एका कंपनीत ड्राफ्ट्समन. आमची आठ वर्षांची मुलगी वसईला सासूबाईंकडे. तिला इकडे आणायचं तर माझ्या नाइट ड्युट्यांत तिच्याकडे बघणार कोण? म्हणून दर वर्षी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणायचो आणि दर वर्षी पुढचं वर्ष यायचं. तिला निदान डोळ्यांनी बघता यावं म्हणून मी हट्टाने घरात केबलचं इंटरनेट घ्यायला लावलं. दर शुक्रवारी माझी नणंद तिला नाक्यावरच्या सायबर कॅफेत घेऊन जायची आणि काड्यापेटीएवढ्या चौकोनात माझी लेक मला दिसायची. हलायची धक्के खात, पण दिसायची.

मग नवऱ्याला शोध लागला. इंटरनेटची ती जाड काळी वायर मोडेममधून काढून सरळ टीव्हीला लावली, तर काही चॅनेल आपोआप दिसतात. पैसे न भरता! त्या दिवशी तो ज्या चेहऱ्याने माझ्यासमोर उभा राहिला, तो चेहरा आमच्या साखरपुड्यालासुद्धा नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्याने बाजारातून स्प्लिटर आणला, म्हणजे एका वायरीच्या दोन करायची पितळी डबी. हॉलमध्ये भिंतीतून वायर बाहेर येते तिथे ती बसवली. एक फाटा टीव्हीला, एक आतल्या खोलीत मोडेमला. पुढे समोरच्या फ्लॅटमधल्या मित्रालाही बाल्कनीतून तिसरा फाटा दिला. दानशूरच की नाही.

आणि दिसायचं काय? दोन अरबी बातम्यांची चॅनेलं. एक कुठल्यातरी थंड देशाचं हवामान. एकावर दिवसभर बाई मिक्सर विकत असायची. एका हिंदी चॅनेलवर चित्राच्या जागी नुसते आडवे पट्टे, आवाज मात्र स्वच्छ. ते पट्टे हे लोक समोर बसून बघायचे. हे लोक म्हणजे नवरा आणि त्याचे तीन मित्र, तिघांच्याही बायका गावी. ऑफिस सुटलं की आमच्या सोफ्यावर ठाण मांडायचे. मी चहा करून द्यायची, हेही सांगून टाकते.

वायरीचे तीन फाटे झाल्यावर इंटरनेटने मान टाकली. मोडेमचा दिवा लागायचा, विझायचा. मुलगी अर्ध्या वाक्यात गोठायची. मी कंपनीत तक्रार केली. तंत्रज्ञ येणार म्हटल्यावर नवऱ्याने स्प्लिटर काढून तांदळाच्या डब्यात लपवला, टीव्हीवर फुलांचं कापड टाकलं आणि 'ओन्ली इंटरनेट, सर, ओन्ली इंटरनेट' करत त्याच्या मागे मागे फिरला. तंत्रज्ञाला सगळं ठीक दिसलं. 'इन्शाल्ला, नो प्रॉब्लेम,' म्हणून तो गेला. मी तिथेच उभी होते. तांदळाच्या डब्याबद्दल मी एक शब्द बोलले नाही. नवऱ्याची अब्रू, दुसरं काय! तंत्रज्ञ दारातून बाहेर पडताच डबी पुन्हा भिंतीवर.

त्याच वर्षी चर्चमध्ये लेकीचं पहिलं कम्युनियन होतं. आमच्यात मुलीच्या आयुष्यात लग्नाच्या खालोखाल हाच दिवस. पांढरा फ्रॉक, डोक्यावर झिरझिरीत जाळी, हातात मेणबत्ती. मेट्रनने मला रजा नाकारली. म्हणून ठरलं की त्या रविवारी संध्याकाळी नणंद तिला फ्रॉक न उतरवता कॅफेत आणेल. तिकडचे साडेसात, आमचे पाच. 'मम्मी, फ्रॉक मळू देणार नाही, तू बघेपर्यंत बसणारच नाही,' असं ती फोनवर म्हणाली होती.

मी नवऱ्याला सकाळीच बजावलं, आज टीव्ही नको. तो म्हणाला, 'अगं, हो.' पाच वाजता मित्र हजर. टीव्हीवर उंटांची शर्यत. अरबीत कोणीतरी ओरडतंय आणि चार मराठी पुरुष पुढे वाकून बघताहेत, जशी काही त्यातली दोन जनावरं यांच्या गोठ्यातली होती. 'पोरगी येईल आता,' मी म्हटलं. 'तू लाव, मी आलोच,' तो म्हणाला.

लेक आली. पांढरं काहीतरी दिसलं, मग चेहरा. हसली, गोठली. पुन्हा हलली. 'मम्मी, ही बघ...' आणि गोठली. दिवा विझला, लागला. हॉलमधून आवाज आला, 'अरे, तो मागचा बघ, मागचा!'

माझं डोकं फिरलं. मी खुर्चीवरून उठले, स्वयंपाकघरातली मासे साफ करायची कात्री घेतली, हॉलमध्ये गेले आणि टीव्हीमागे हात घालून वायर कापली. उंट गेले. काय समाधान वाटलं मला! मग नवरा वाकून बघत हळूच म्हणाला, 'अगं, मेन वायर कापलीस. भिंतीतली.'

आत येऊन पाहिलं. मोडेमवर एकही दिवा नव्हता. नवरा धावत जाऊन फोन कार्ड घेऊन आला, पण कॅफेचा नंबर कोणाकडे होता! घरी लावला, तर सासूबाई म्हणाल्या, अजून दोघी परतल्या नाहीत.

ती आता मोठी झाली आहे, नोकरी करते. तिला मी सगळं सांगितलंय. फुकटची चॅनेलं, ती पितळी डबी, उंट, कात्री. तिच्या डॅडीला मी भरपूर नावं ठेवली, तीही हसली. मग म्हणाली, 'पण मम्मी, तेव्हा कॅफेत तुझं चित्र नीट येत होतं. मी तुला मेणबत्ती दाखवत होते, आणि तू उठून गेलीस.'