नानांचे ‘आपण’

मे महिन्यात पिंप्राळ्यात ऊन मी म्हणत असताना आमचे शेजारी नाना भर दुपारी जमिनीखाली जायचे. दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर त्यांनी घराखाली तळघर खणून घेतले, त्याला लोखंडी दार बसवले आणि तिथे जग बुडाल्याच्या कादंबऱ्या वाचत बसू लागले. वरचे सगळे जळून खाक झालेय आणि उरलेली माणसे जमिनीच्या पोटात मजल्याखाली मजले करून राहताहेत, असल्या.

“बठ्ठं खलास होणार,” वर आले की नाना मला सांगायचे, “पण आपण वाचू.” असे म्हणताना हात छातीवर.

मला पुस्तकांचा राग नव्हता, या वाचकाचा होता. भाजी आणायला सांगितली की नानांना ऊन लागायचे. कॉलनीत पाण्यावरून भांडणे पेटली तरी यांनी कधी तोंड उघडले नाही. खाली मात्र हवा, पंप, धान्य, शिस्त, सगळे यांच्याच हुकमात! वर ज्याला कुत्रे विचारत नाही तो खाली राजा. अशी कादंबरी वाचताना कोणीही स्वतःला बंद दाराबाहेर पाहत नाही, तिची गोडी तेवढीच.

त्यांच्या बायकोने, अक्कांनी, तळघरात डबे भरभरून बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, नेऊन ठेवल्या होत्या. ‘आपण’मध्ये त्या बिचाऱ्या स्वतःलाही धरत होत्या.

गेल्या वर्षी वळवाचे वादळ आले. पत्रे उडू लागले तसे नाना तळघरात पळाले आणि त्यांनी आतून कडी घातली. अक्का बाहेरून दार बडवत राहिल्या. शेवटी मीच त्यांना हाताला धरून आमच्या घरात आणले.

वादळ ओसरल्यावर नाना बाहेर आले. “पाहिलं? आपण वाचलो!”

अक्कांनी पदराने तोंड पुसले. “ह्या ‘आपण’ मझार मी शे का?”

“अगं, एकदा कडी घातली की उघडायची नसते. नियमच आहे तो.”

अक्का त्याच आठवड्यात पिशवी घेऊन ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, “आपण पिंपळनेरले चालनूत, भाऊकडे.”

सासुरवाडीचा पाहुणचार म्हणताच नानांना ऊनही लागेना. सदरा बदलून, पिशवीत पुस्तक कोंबून ते फाटकात आले. अक्का रिक्षात बसल्या होत्या.

“तुम्ही कुठे निंघनात?” त्यांनी विचारले.

रिक्षा गेली. मी मोठ्याने हसलो आणि त्याची मला अजून लाज वाटत नाही. अक्का परतलेल्या नाहीत. तळघरातल्या बिबड्या नाना एकटेच खातात. भाजायला मात्र वर यावे लागते.