उलट्या छत्रीतले मासे

आज सकाळी नाल्याले पाणी आलं म्हणून आमी तलमडुगुजवळचा नवा बंधारा पाहायले गेलो. नाला साफ केलेला, काठावर बाकडे टाकलेले, म्हणून गर्दीबी लय होती.

खालून आलेले मासे बंधाऱ्याच्या भिंतीवर उड्या मारून राह्यले होते. आपटून खाली पडत अन् पुन्हा उडत. लोक छत्र्या उलट्या धरून उभे होते. मासा छत्रीत पडला की शिट्ट्या, टाळ्या, व्हिडिओ! आमच्या ह्यांनीबी छत्री उघडली. मीबी हसले, खोटं काऊन बोलू?

घरी मासे चिरले, तर पोटात गच्च अंडी.

सासूबाई म्हणाल्या, "चढता मासा धरत नसतात, बाई. तो वर अंडी घालायले जाते. आमी पाणी ओसरताना उतरता मासा धरत होतो."

हे म्हणाले, "मी सोडला असता, तरी तो ती भिंत चढला असता का?"

आपल्याले बसायले बाकडे आठवले, माशाले वर जायले वाट ठेवायचं कोणालेच सुचलं नाही.

तुमच्या गावच्या बंधाऱ्यात वाट आहे का? मासा चढलाच नाही, तर उतरणार कोण?