खंडेराव अप्पांची एक गोणी जास्त

खडकओहळ गावात कुणाच्या टोमॅटोचं पान पिवळं पडलं की माणूस खताच्या दुकानात जायच्या आधी खंडेराव अप्पांच्या ओट्यावर यायचा. अप्पा ते पान हातात घ्यायचे, उन्हाकडं धरायचे, एकदा हुंगायचे आणि निकाल द्यायचे, "एक गोणी युरिया वाढव." फूल गळालं? एक गोणी वाढव. वाढ खुंटली? एक गोणी वाढव. एकदा हॉटेलवाला भिकन म्हैस दूध देईना म्हणून रडत आला, तेव्हाही अप्पांच्या तोंडून "एक गोणी" एवढं निघून गेलंच होतं.

पण खोटं कशाला बोला, माणूस मनाचा राजा. हात सढळ, तो सगळ्याच बाबतीत. चहात साखर तीन चमचे, भाकरीवर तूप ओघळेपर्यंत. "जमीन म्हंजी माहेरी आलेली लेक," म्हणायचे, "तिला मोजून वाढतो का कुणी?"

त्यातून त्यांची खास विद्या म्हणजे ढग. आभाळ दाटून आलं की गावातल्या बाया वाळवण उचलायला पळायच्या आणि अप्पा युरियाचं घमेलं घेऊन रानात पळायचे. पावसाच्या तोंडावर खत फेकलं की ते झकास मुरतं, असा त्यांचा ठाम समज. मग धो धो पाऊस लागला की ओट्यावर बसून समाधानानं म्हणायचे, "बघा, कसं आत चाललंय!" आत चाललंय की आणखी कुठं, हे बघायला त्या पावसात बाहेर कोण जाणार?

असं सगळं बरं चाललेलं असताना अप्पांच्या डोळ्यात इनायतची कोथिंबीर सलायला लागली.

इनायतचं दीड एकर रान अप्पांच्या शेताच्या खालच्या अंगाला, ओहळाच्या काठावर. गडी कधी खताची गोणी आणताना दिसला नाही. आणि कोथिंबीर? डोळे निवावेत अशी हिरवीगार! नाशिकच्या मार्केटात त्याच्या जुडीला व्यापारी आधी हात घालायचे. लोक विचारायचे, "इनायतभाई, टाकता तरी काय?" इनायत हात वर करायचा, "काय नाय बाबा, वरून येतंय ते." झालं. लोकांना वाटलं, याला काहीतरी गुपित गावलंय. हळूहळू जो तो त्याच्या बांधावर जायला लागला. अकरा दिवस झाले, अप्पांच्या ओट्यावर एकसुद्धा पिवळं पान आलं नाही. बाराव्या दिवशी अप्पांनी जेवण अर्धं टाकलं.

"तब्येत बरी नाय का?" सगुणाबाईंनी विचारलं.

"मला काय धाड भरलीय? त्याचं गुपित हुडकल्याशिवाय मी पोटभर जेवणार नाय."

"मग आजची अर्धी भाकरी गाईला घालते," सगुणाबाई म्हणाल्या आणि ताट उचललं. चाळीस वर्षांचा संसार, नवऱ्याच्या शपथांना त्या कधीच दचकत नसत.

डिसेंबरातली सकाळ. अप्पा इनायतच्या मक्यात दबा धरून बसले. तासभर थंडीत कुडकुडून एवढंच कळलं, की इनायत खरंच काही टाकत नाही. मोटर चालू करतो आणि विहिरीचं पाणी पाटानं सोडून देतो. म्हणजे गोम पाण्यात आहे! इनायत पाट वळवायला पलीकडं गेला तसे अप्पा विहिरीवर धावले, पाण्याची बाटली भरली आणि सदऱ्याच्या आत खोचली. वळतात तर समोर इनायतची बाळंतपणाला आलेली लेक रेहाना, कुशीत तिचा दोन महिन्यांचा रय्यान.

"अप्पा, इकडं कुठं सकाळी सकाळी? अन् सदरा ओला कशानं झाला?"

"घाम गं बाई. लय घाम येतोय आजकाल," अप्पा म्हणाले. दातांवर दात वाजत होते.

अप्पांची सून अंजली नाशिकजवळ अंबडला एका प्रयोगशाळेत कामाला. "कसलं तरी औषध हाय, त्यात काय काय घातलंय ते बघ," असं सांगून बाटली तिच्या डब्याच्या पिशवीत गेली. तिसऱ्या दिवशी अंजली आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"अप्पा, हे औषध नाही, पाणी आहे. कुठलं आणलंत? यात नायट्रेट एकशे तीस निघालंय. पिण्याच्या पाण्यात पंचेचाळीसच्या वर चालत नाही."

"नायट्रेट म्हंजी काय ते सांग."

"म्हणजे आपला युरियाच. रानात पडला, रूप बदललं आणि पाण्याबरोबर वाहत..."

पुढचं ऐकायला अप्पा होते कुठं? "सापडला!" म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली आणि एका पायात स्वतःची, दुसऱ्या पायात सगुणाबाईंची चप्पल घालून ते थेट भिकनच्या हॉटेलात. दहा-बारा माणसं बसलेली, आणि इनायतही.

"ऐका रे सगळे! ह्यो इनायत गुपचूप विहिरीत युरिया कालवतो! माझ्याकडं लॅबचा रिपोर्ट हाय!"

इनायतनं कप खाली ठेवला. "खंडूभाऊ, आठ वर्षांत मी एक गोणी विकत घेतलेली कुणी दाखवावी. चल, तुला दाखवतो कोण कालवतं ते."

पुढं इनायत, मागं अप्पा, त्यांच्या मागं फुकटचा तमाशा बघायला अर्धं गाव. वाटेत सगुणाबाई आपली चप्पल शोधत आल्या, त्याही निघाल्या. ओहळाशी इनायत थांबला. अप्पांच्या शेताचं पाणी बांध फोडून जिथं ओहळात पडायचं, त्याच्या वरच्या बाजूला पाणी नितळ, तळाचे गोटे मोजून घ्यावेत असं. आणि तिथून खाली? शेवाळाची जाड गोधडी. वास तर असा की भिकननं उपरणं नाकाला लावलं. ती हिरवळ सरळ इनायतच्या विहिरीपर्यंत गेलेली.

"मी बोललो होतो ना, वरून येतंय," इनायत म्हणाला. "आभाळातून नाय. तुझ्या रानातून. तू पावसाच्या तोंडावर फेकतो, पाऊस माझ्याकडं आणून देतो. माझ्या कोथिंबिरीला तूच पोसलंय."

गाव खो खो हसलं. अप्पा क्षणभर गांगरले, पण क्षणभरच. मग छाती फुगली. "म्हंजी ती कोथिंबीर माझी! बघा लेको! कुणाच्या खतावर आली?"

"अप्पा, मग आमच्या रानाच्या वर पण थोडी जमीन घ्या की," भिकन म्हणाला. पुन्हा हशा.

इनायत मात्र हसला नाही. "कोथिंबिरीचं ठीक हाय रे. पण रेहानाला दूध पुरत नाय, लेकरू पावडरच्या दुधावर हाय. डॉक्टरनं सांगितलं, या विहिरीचं पाणी त्याला द्यायचं नाय. उकळून पण नाय. अंगातलं रक्त बिघडतं म्हणे, पोर निळं पडतं."

अप्पांची छाती हळूहळू खाली बसली. "मग पाणी कुठून आणता?"

इनायतनं सगुणाबाईंकडं बघितलं. सगुणाबाई पुढं झाल्या. "आपल्या घरच्या विहिरीचं. ती रानाच्या वर हाय म्हणून चांगली राहिली. रोज सकाळी कळशी भरून देते मी. दोन महिने झाले."

"अन् मला नाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, एक गोणी वाढव."

या वेळी कुणी हसलं नाही. अप्पांना फार लाज वाटली. लेकीला ताट वाढावं तसं रानाला वाढत आलो आणि ते विष होऊन दुसऱ्याच्या लेकीच्या दारात गेलं, हे त्यांच्या मनातून काही केल्या हलेना. "तू तरी बोलायचं होतं रे," ते इनायतला म्हणाले.

"काय बोलू? पीक फुकट येत होतं, लोभ मला पण सुटला. पोर झाल्यावर बोलणार होतो, तर वहिनी कळशी घेऊन आल्या. मला वाटलं, तूच पाठवतोस. म्हटलं, भाऊला कळलंय, लाजतोय बिचारा."

दुसऱ्या दिवसापासून कळशी अप्पा स्वतः नेऊ लागले. अंजलीनं माती तपासून आणली आणि युरिया निम्म्यावर आणला, तोही थोडा थोडा, ठिबकमधून. फुटलेला बांध पुन्हा घातला, ओहळाच्या कडेला हातभर रुंद गवताचा पट्टा राखला. उन्हाळ्यात अवकाळीचे ढग आले तेव्हा अप्पांची फार तडफड झाली. सगुणाबाईंनी घमेलं कोठीत घालून कुलूप लावलं होतं. टोमॅटो मात्र नेहमीइतकाच आला, आणि पाला कमी म्हणून तोडणी सोपी गेली. अप्पांना याचं दुःख झालं की आनंद, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. विहिरीचा आकडा एकशे दहावर आला. अंजली म्हणाली, अजून काही वर्षं लागतील.

पुढच्या थंडीत इनायतची कोथिंबीर पहिल्यांदाच फिकट पडली. तो एक जुडी काखोटीला मारून अप्पांच्या ओट्यावर आला, तेव्हा तिथं चार-पाच माणसं बसलेली होती.

"खंडूभाऊ, आता मला पण खत विकत घ्यावं लागणार. तूच सांग, किती टाकू?"

सगळे अप्पांच्या तोंडाकडं बघायला लागले. केवढ्या दिवसांनी ओट्यावर कुणी सल्ला मागायला आलं होतं, आणि तेही कोण, तर इनायत! अप्पांनी जुडी हातात घेतली. उन्हाकडं धरली, एकदा हुंगली.

"तुझ्या खालच्या अंगाला कुणाची विहीर हाय?"

"कुसाबाईची."

"घरात कोण कोण?"

"ती, अन् आता लेक आलीय बाळंतपणाला."

अप्पांनी जुडी त्याच्या हातात परत दिली आणि पायात चपला सरकवल्या. "मग उठ. आधी तिची विहीर बघून येऊ."