गोठ्यातली थोरली

आमच्या थोरल्या दिरांइतका एकनिष्ठ माणूस सोलापुरात दुसरा झाला नसेल, फक्त त्यांची निष्ठा एका मोटारीवर होती. माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी अक्का म्हणायची, त्या घरी आलेल्या नव्या बाईला पहिल्या दहा वाक्यांतच सांगायच्या, "मला दुसरेपणावर दिलीय. थोरली तिकडं गोठ्यात हाय." ती बाई गोंधळून गोठ्याकडे बघायची. तिथे म्हशीच्या जागी काळी विलायती गाडी उभी असायची, आणि तिच्या अंगावर अक्कांच्या माहेराहून आलेली, घरातली सगळ्यात जाड चादर. सासऱ्यांनी ती गाडी गिरणीतला एक गोरा साहेब देश सोडून निघाला तेव्हा त्याच्याकडून घेतली होती. सासरे गेले तसं भुसाराचं दुकान माझ्या मालकांच्या वाट्याला आलं आणि गाडी थोरल्या दिरांच्या. तिला सावली हवी म्हणून त्यांनी म्हैस विकली. तेव्हापासून घरात दूध विकतचं. चहा फारच पातळ झाला की अक्का कपात डोकावून म्हणायच्या, "दुधाचं जरा थोरलीला विचारा की."

साहेबानं जशी दिली तशीच ती राहिली पाहिजे, याच्यापुढे थोरल्या दिरांना काही सुचत नसे. गाडीतलं घड्याळ कधीचं थांबलेलं होतं, पण ते दुरुस्तीला देत नव्हते, कारण घड्याळजी आत देशी स्प्रिंग घालील. "बंद हाय, पण अस्सल हाय," म्हणायचे. मागे टांगलेल्या स्टेपनीत भरलेली हवा विलायतेतली आहे अशी त्यांची खात्री होती. एकदा शेजारचा सायकलवाला पंप घेऊन सहज म्हणाला, "अण्णा, चाक बसलंय, मारू का थोडी?" तर दीर दोन्ही हात पसरून चाकाच्या आडवे उभे राहिले. "हितली हवा आत गेली म्हंजे तितली कुटली आणि हितली कुटली, कोण निवडत बसणार?" सायकलवाला पंप उचलून गेला. दुष्काळाच्या वर्षी टँकरचं पाणी यायचं आणि माणशी वाटून मिळायचं. तेव्हा त्यांनी आपली अंघोळ सोडली आणि आपल्या वाटणीच्या पाण्यात फडकं भिजवून गाडी पुसली. अक्का म्हणाल्या, "दोघांतलं एक तरी स्वच्छ राहिलं."

गाडी चालते का, असं मात्र दिरांना विचारायचं नाही. पूर्वी दसऱ्याला ती पेठेतून एक फेरी मारायची, तीही हार न घालता, कारण झेंडूचा डाग पडतो. तिचं इंजिन असं चालायचं की गाडीपुढे उभ्या माणसाला ती सुरू आहे हे कळायचं नाही. मग आतला कसलासा भाग तडकला. तो फक्त विलायतेत मिळतो म्हणून त्यांनी मुंबईच्या एका व्यापाऱ्याला सांगून ठेवलं आणि वाट बघत बसले. वर्षं गेली. गाडी जागची हलत नव्हती, तरी ते रोज तिच्याखाली पाठीवर झोपून काहीतरी करत असायचे आणि आम्हाला फक्त त्यांचे पाय दिसायचे.

मला त्या पायांचीच जास्त ओळख होती. आमच्याकडे धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही. समोर आले तर पदर पुढे ओढायचा आणि बाजूला व्हायचं. त्यातून मी मुळातच अबोल. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात एकदा घरात कुणी नव्हतं, पानं वाढलेली, आणि थोरले दीर गाडीखाली. मी गोठ्याच्या दारात पुष्कळ वेळ उभी राहिले. बांगड्या वाजवून पाहिल्या. शेवटी गाडीकडे तोंड करून म्हटलं, "गाडीबाई, पानं वाढलीत म्हणावं." पाय जरासे हलले. मग खालून आवाज आला, "गाडीबाई, आलोच म्हणाव."

त्या दिवसापासून आमचं सगळं बोलणं गाडीमार्फत झालं. अंगणात, ओसरीवर आम्ही एकमेकांना अनोळखी, आणि गोठ्यात मात्र बोलायचो. एकदा ते म्हणाले, "गाडीबाई, आमटी आज लई खारट झाली म्हणाव." मी म्हटलं, "गाडीबाई, मीठ अक्कांनी घातलं होतं म्हणावं." एक पाय दुसऱ्यावर चढला. मग, "मग बरुबर होती म्हणाव."

अक्का न्हाणीघरात पाय घसरून पडल्या त्या वर्षी हे हसणं संपलं. खुब्याचं हाड नीट बसलं नाही. पाय आडवा पसरूनच त्यांना बसता यायचं, तेही थोडा वेळ. त्यातच निरोप आला की त्यांची आई अंथरुणाला खिळली आहे आणि लेकीचं नाव घेते. अक्कांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडे, कानडी मुलखात. एसटीत त्यांना बसवणं शक्य नव्हतं. माझे मालक म्हणाले, "वैनी, भाड्याची गाडी आणतो." अक्कांनी मान हलवली. "दारात गाडी असताना मी भाड्याच्या गाडीतनं उतरले, तर माझं माहेर यांना काय म्हणेल?" पुन्हा विचारलं तरी तेच. मग दिवसभर कानडीत स्वतःशी काहीतरी पुटपुटत पडून राहायच्या.

गावातल्या विजापूर वेशीतला एक मिस्त्री मालकांनी घरी आणला. त्यानं झाकण उचलून आत पाहिलं. "काका, ये मशीन खतम है. जीप का डिझेल इंजन बिठाता मैं. आठ दिन में रस्ते पे फिरेगी."

"मग ती हीच गाडी राहती का?" थोरले दीर म्हणाले.

"चलती तो रहती ना, काका."

"चालायला काय, बैलगाडीबी चालती." आणि त्यांनी गाडीवर चादर ओढली.

मालक चिडले. "तिकडं म्हातारी वाट बघतीय, दादा."

"मीबी बघतोयच की. सामान येईल."

सामान आलं नाही. दुसरा निरोप आला की म्हातारीनं अन्न सोडलं. त्या संध्याकाळी मी चहाचा कप घेऊन गोठ्यात गेले. पाय दिसत होते, पण हत्यारांचा आवाज नव्हता. मी कप चाकाजवळ ठेवला आणि म्हटलं, "गाडीबाई, अक्कांच्या आईचे फार दिवस उरले नाहीत म्हणावं. अक्का रडत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडतात म्हणावं." मग धीर करून आणखी म्हटलं, "तुझ्या आतलं बदललं तर तुला फार लागेल का, तेवढं सांग." कप रात्री तसाच भरलेला सापडला.

सकाळी ते स्वतः मिस्त्रीला घेऊन आले. चार माणसांनी साखळ्या लावून जुनं इंजिन बाहेर काढलं, तेव्हा ते ओट्यावर गोठ्याकडे पाठ करून बसले होते. काढलेलं इंजिन भंगारवाल्याला द्यायचं का, असं कुणीतरी विचारलं. त्यांनी ते उचलून ओसरीच्या कोपऱ्यात ठेवायला लावलं आणि गाडीवरची चादर त्याच्यावर घातली.

गाडी सुरू झाली तेव्हा पेठेतली पोरं बघायला जमली. आवाज थेट पिठाच्या गिरणीचा. एक म्हातारी दळणाचा डबा घेऊन खरंच दारात आली. अक्कांना आम्ही खुर्चीसकट उचलून आणून मागच्या रुंद गादीवर बसवलं, त्यांचा पाय मी मांडीवर घेतला आणि निघालो. थोरले दीर चालवत होते. अक्कांच्या आईला आता दिसत नव्हतं. तिनं अक्कांचं तोंड चाचपलं आणि कानडीत विचारलं, "कशातनं आलीस?" अक्का म्हणाल्या, "आमच्या गाडीतनं." म्हातारी हसली. त्यानंतर ती थोडेच दिवस होती, पण अक्कांच्या हातानं दोन घास खाऊन गेली.

मागे राहिलेल्या आम्हा दोघींना न्यायला थोरले दीरच आले. येताना अक्का बराच वेळ पुढे त्यांच्या मानेकडे बघत होत्या. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आज मी थोरली झाले गं. पण तिचं वाईट वाटतंय मला. यांचं तर त्याहून." इंजिनाच्या आवाजात पुढे बसलेल्या दिरांना काही ऐकू गेलं नाही. जुनं इंजिन असतं तर शब्दन् शब्द गेला असता.

गाडी चालती झाली आणि मग ती सगळ्यांची झाली. दुकानाला उपयोग होतो म्हणून मालकांनी मागची गादी काढून पोत्यांना जागा केली. टपावर कॅरिअर बसला. ऊन फार धरते म्हणून काळ्याचा रंग पांढरा झाला. एक दिवस मालक पंपावरून पाचही चाकांत हवा भरून आले. थोरले दीर ओसरीवर बसून स्टेपनीकडे बघत राहिले. गोठ्यात ते पुन्हा गेलेच नाहीत. मी एकदा अंगणातूनच म्हणून पाहिलं, "गाडीबाई, पानं वाढलीत म्हणावं." ते मुकाट उठून जेवायला आले. त्यानंतर आमच्या दोघांत निरोप न्यायला कुणी उरलं नाही. अक्का दोन वर्षांनी गेल्या. त्या नवराबायकोचं बोलणं घरातल्या सामानापुरतंच असायचं, त्यामुळे गाडीत माझ्या कानाशी बोललेलं ते अक्कांनी दिरांना कधी सांगितलं नसणार, हे मला ठाऊक होतं.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी चहा घेऊन ओसरीवर गेले. थोरले दीर इंजिनाशेजारी पोत्यावर बसले होते. गाडी माल आणायला गेली होती. मला काय वाटलं कोण जाणे, मी त्या चादरीकडे तोंड करून म्हटलं, "चहा ठेवलाय म्हणावं."

मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते बंद हाय. मला सांग की."

मी सासरी आल्यापासून ते माझ्याशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य. चहाचं तर सांगून झालं होतं. मी पदर पुढे ओढला आणि अक्का येताना गाडीत काय म्हणाल्या ते सांगितलं, त्यांच्याच शब्दांत. माझा आवाज इतका बारीक निघाला की ते कान देऊन पुढे वाकले.

चहा निवून गेला. मग त्यांनी उठून इंजिनावरची चादर काढली, झटकली, नीट घडी घातली आणि माझ्यापुढे धरली. "आत ठेव. तिच्या माहेरची हाय."

मी ती धुतली, पण ऑइलचे डाग निघाले नाहीत. थंडी पडल्यावर ते तीच मागून घ्यायचे आणि डोक्यापर्यंत ओढून ओसरीवर निजायचे. कोपऱ्यात इंजिन उघडंच होतं. पावसाळ्यात ते गंजून लाल झालं, पण त्यांनी तिकडे मान वळवलेली मी पुन्हा पाहिली नाही.