त्या ऑनलाइनवाल्या बाई

साहेब हसले तेव्हा मीही हसलो. ही माझी चूक. समोर माझी सख्खी थोरली बहीण बसली होती.

लोअर परळच्या आमच्या कंपनीत मुलाखती चालल्या होत्या. घेणारे आम्ही तिघं. साहेब, एक मॅडम आणि मी. ताईला अर्ज करायला मीच सांगितलं होतं. वर बजावलंही होतं, "ऑफिसात नातं सांगू नकोस." लग्नानंतरचं आडनाव वेगळं. कुणाला कळलं नाही.

साहेब परदेशात शिकलेले. त्यांनी अर्ज चाळला.

"कॉम्प्युटरचं मास्टर्स... ऑनलाइन? म्हणजे भाजी निवडता निवडता?"

मॅडम हसल्या. मी हसलो.

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांना म्हणाली, "नाही सर. भाजी आधी निवडून ठेवायचे."

"आणि रेग्युलर का नाही केलंत?"

"नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं."

झालं. कामाचा एकही प्रश्न कुणी विचारला नाही. मीही नाही.

परवडणं हा शब्द आमच्या घरात तिच्याच वाट्याला आला. बारावीला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. पण लालबागच्या आमच्या खोलीतून एकाच पोराचं कॉलेज निघणार होतं. मुलगा म्हणून माझं निघालं. ती परळच्या एका लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट टाइप करायला लागली. तिच्या पगारातून माझी फी गेली. मी इंजिनिअर झालो. शीवला फ्लॅट घेतला. तिने पदवी बाहेरून बसून घेतली आणि चाळिशी उलटल्यावर हे मास्टर्स. अभ्यासक्रम रेग्युलरवाल्यांचाच. केंद्रावर जाऊन द्यायची परीक्षाही तीच. फक्त फी तिच्या पगारात बसणारी आणि नोकरी न सोडता जमणारं. तिला दुसरी वाटच नव्हती. ती वाट तिने एकटीने काढली. आणि मी हसलो.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "त्या ऑनलाइनवाल्या बाईंना नाही म्हणून कळवून टाक. असले अर्ज यापुढे माझ्याकडे आणूच नकोस."

"ती माझी बहीण आहे, सर."

"अरे! मग आधी नाही का सांगायचं? घेतलं असतं."

घेतलं असतं. म्हणजे तिच्या शिक्षणाला किंमत नव्हती. माझ्या ओळखीला होती.

"ओळखीवर नको, सर. आणि असले अर्ज मी अडवणार नाही. आधी काम विचारू. कुठे बसून शिकली ते मग."

"एवढं मनाला लावून घेऊ नकोस रे," साहेब म्हणाले आणि लॅपटॉपकडे वळले.

संध्याकाळी लालबागला ताईच्या घरी गेलो. ताई गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. घरात आम्ही मालवणीच बोलतो. मागे न बघता, का आलास म्हणून तिने विचारलं, "कित्याक इलंस?"

मी दोरीवरचे उरलेले कपडे काढायला लागलो.

"ते हसले, त्याचा माका काय नाय. तू कित्याक हसलंस?"

साहेबांना घाबरलो, असं सांगता आलं असतं. ते खोटं होतं.

"माका तुझी लाज वाटली, ताय. म्हणान हसलंय. माझा चुकला. तू माफ करू नको. पण ह्याच्यापुढे मुलाखतीच्या खोलीत कोण कोणाक असो हसलो, तर तुझो भाऊ गप बसाचो नाय."