पाडव्याची ओवाळणी

माझा नवरा जपानी. सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा भागातल्या एका ऑफिसात तो काम करतो, आणि माझ्या मते राहतोही तिथेच. आमच्या फ्लॅटवर नुसता झोपायला येतो. त्याची आई वारल्यावर त्याने वडिलांना जपानहून इकडे आणलं, माझ्या स्वाधीन केलं आणि पुन्हा ऑफिस गाठलं.

माझं जपानी लहान पोराएवढं, सासऱ्यांना 'ओतोसान' म्हणजे बाबा म्हणण्याइतपत. सासऱ्यांच्या इंग्रजीत एकच वाक्य, तेही सिंगापुरात उचललेलं: "ओके लाह." एवढ्या भांडवलावर आमचं झकास चाललं होतं. माझी आमटी ते वाटी तोंडाला लावून सुर्रकन ओढायचे, आणि मलाही त्यांनी तशीच ओढायला शिकवली. माझ्या आईने पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता.

पण सासऱ्यांशी कितीही जमलं तरी लग्न मी त्यांच्याशी केलं नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर मी ठरवलं, पाडवा झाला की पुण्याला जायचं आणि परत यायचं नाही. बॅग भरून बेडरूमच्या दाराशी ठेवली. नवऱ्याला ती दिसली नाही. सासऱ्यांना दिसली; त्या दिवशी ते जेवले कमी.

पाडव्याला नवरा सातला येणार होता. मी तबक सजवून बसले. जेवायची वेळ टळली. सासरे निरांजनात तूप घालत राहिले. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, ओवाळायला नवरा नाही तर नाही, निदान मोठ्यांना नमस्कार तरी करून घेऊ. सासऱ्यांपुढे गुडघे टेकले आणि जमिनीला डोकं लावलं.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दुखरे गुडघे घेऊन ते खाली उतरले आणि त्यांनी माझ्यापुढे डोकं टेकलं. सासऱ्याने सुनेच्या पाया पडायचं? मी घाबरून पुन्हा वाकले. तेही पुन्हा वाकले. आमची टाळकी एकमेकांवर आपटली, आणि नेमका तेव्हाच नवरा दार उघडून आत आला. कानाला फोन.

"काय चाललंय?"

"सणाचा नमस्कार करतेय! ओतोसानना उठायला सांग ना."

त्याने वडिलांना विचारलं. "बाबांना वाटलं, तू माफी मागतेयस. आमच्यात इतकं खाली वाकून माफीच मागतात."

"हात्तिच्या! मग ते का वाकले?"

सासरे बसल्या जागेवरून सावकाश काहीतरी बोलले. नवऱ्याने फोन कानावरून काढला आणि बुटाची नाडी सोडत बसला. सासऱ्यांनी जमिनीवर थाप मारली. सांग तिला!

"ते म्हणतात," माझ्याकडे न बघता नवरा म्हणाला, "तुझी काही चूक नाही. माझा मुलगा तुझ्याशी नीट वागला नाही, त्याची मी माफी मागतो. आणि तू जाणार असशील तर... माझीही बॅग भरलीय."

त्याने वळून पाहिलं. माझ्या बॅगेशेजारी एक छोटी तपकिरी बॅग उभी होती. मलाही ती तेव्हाच दिसली. मला रडूच फुटलं.

मग नाक पुसून मी निरांजनाची वात पुढे सारली. नवऱ्याला पाटावर बसवून ओवाळलं. त्याने खिसे चाचपले. काहीच आणलं नव्हतं. तबकात काहीतरी ठेवायचं असतं, हे सासऱ्यांनी गेल्या पाडव्याला पाहिलेलं. त्यांनी मुलाच्या हातातला फोन काढून घेतला आणि सुपारीशेजारी ठेवला.

फोन लगेच वाजला. नवऱ्याचा हात पुढे आला. सासऱ्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. फोन वाजून वाजून थांबला.

"ओके लाह," सासरे म्हणाले.

मी पुण्याला गेले नाही. नवरा आता सातला घरी येतो. दोन्ही बॅगा मात्र सासऱ्यांनी दाराशीच ठेवल्यात, आणि सात वाजत आले की ते त्यांच्यावरची धूळ पुसायला घेतात.